भित्र्या मुलाची कैफियत

जूनच्या मध्यास छत्तीसगडातील शाळा उघडतात, आणि उन्हाळी सुटीचा विसर पडण्याआधीच रायपुरातील बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एका विशिष्ट तक्रारीची मुले दिसू लागतात. त्यांचे पोट दुखते. ते सकाळी दुखते, शाळेची वेळ टळेपर्यंत दुखते, आणि रविवारी दुखत नाही. रक्ताचे, लघवीचे, सोनोग्राफीचे अहवाल निर्दोष येतात, डॉक्टर चिंतेचे कारण नसल्याचा निर्वाळा देतात, आणि त्या निर्वाळ्यावरून घरची वडीलधारी मंडळी असा निष्कर्ष काढतात की पोरगे सोंग करते आहे. ज्या क्षणी हा निष्कर्ष निघतो त्या क्षणी मुलाचा खटला एकतर्फी निकालात निघालेला असतो; त्याची कैफियत कोणी घेतलेली नसते, साक्षीपुरावा झालेला नसतो, आणि ज्याला आरोपी ठरविले त्याला बचावासाठी लागणारी भाषाही अजून अवगत व्हायची असते. आठ वर्षांच्या मुलाला आपल्या मनातील भयाचे वर्णन करता येत नाही. पोट दुखते एवढेच त्याला सांगता येते, आणि ते सांगणे अक्षरशः खरे असते.

भीतीच्या प्रसंगी अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात मिसळतात, हृदय जलद चालू लागते, स्नायू ताणले जातात, आणि पचनाचे काम तहकूब करून शरीर आपली सारी शक्ती पळण्याकडे किंवा झुंजण्याकडे वळविते. पोटात मुरडा येणे, मळमळणे, पुन्हापुन्हा शौचाला जावेसे वाटणे, हातपाय गार पडणे ही त्या तजविजीचीच बाह्य चिन्हे होत. समोर फणा काढलेला नाग असो की गणिताच्या तासाला फळ्यापुढे उभे राहण्याची पाळी असो, चिंताग्रस्त मुलाचे शरीर या दोहोंत भेद करीत नाही. म्हणून अशा मुलाला ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगणे म्हणजे त्याच्या प्रत्यक्ष अनुभवाला खोटे ठरविणे होय, आणि ज्या घरात आपला अनुभव खोटा ठरतो त्या घरात मूल पुढच्या वेळी काही सांगत नाही.

भीती ही वाढत्या वयाची सोबतीण आहे हे कोणी नाकारणार नाही. तान्हे मूल अनोळखी चेहऱ्याला बुजते, तीन-चार वर्षांचे अंधाराला भिते, शाळकरी वयात आईबाप मरतील की काय या विचाराने झोप उडते, आणि मिसरूड फुटण्याच्या वयात चारचौघांत हसे होण्याचे भय इतर सगळ्या भयांना मागे टाकते. ही भये येतात आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत जातातही. जेव्हा ती जात नाहीत, प्रसंगाच्या मानाने फार मोठी होतात, आणि खाणे, झोपणे, खेळणे, शिकणे या बालपणाच्या नित्य व्यवहारांत आडवी येऊ लागतात, तेव्हा त्यांना स्वभाव म्हणून सोडून देणे हा हलगर्जीपणा ठरतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले त्यांत छत्तीसगडही होते. तेरा ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींत ७.३ टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे त्यात आढळले, आणि महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के भरले. यांतील पहिल्या आकड्याने चाळीस मुलांचा वर्ग धरला तर सरासरी तीन मुले झाली. २०२२ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने देशभरातील सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांनाच आपल्या चिंतेचे मुख्य कारण म्हणून सांगितले. त्या ८१ टक्क्यांतील सारी मुले आजारी आहेत असे नव्हे. परंतु ज्या मुलाच्या मनाची घडणच भयाला लवकर शरण जाणारी आहे, त्याच्याभोवती आपण कसले वातावरण रचले आहे हे त्यावरून ध्यानात यावे.

आपल्या समाजाला भित्र्या मुलाशी वागण्याच्या दोनच रीती परंपरेने ठाऊक आहेत: धाक आणि लाड. पुष्कळदा तर एकाच घरात दोन्ही नांदतात. वडील दरडावतात आणि आजी पदराआड घेते. धाकाची बाजू मांडणारे लोक मराठी घरांत हटकून ‘श्यामची आई’चा दाखला देतात. साने गुरुजींच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात, पोहायला भिऊन माळ्यावर लपून बसलेल्या श्यामला आई छडीचे तडाखे देऊन विहिरीकडे पिटाळते, आणि श्याम पोहायला शिकतो. हा प्रसंग वाचून पिढ्यान्‌पिढ्यांच्या आईबापांनी छडी तेवढी उचलली, आणि त्या प्रसंगातील बाकीचे सारे सोडून दिले. श्याम विहिरीत उतरला तेव्हा पाण्यात त्याला सावरणारी, पोहण्यात तरबेज अशी माणसे होती. गावची इतर मुले त्याच विहिरीत त्याच्या डोळ्यांदेखत शिकत होती. आणि मागाहून त्या आईने त्याला जवळ घेऊन आपल्या कठोरपणाचे कारण समजावून सांगितले होते. श्याम तरला तो या आधारामुळे, छडीमुळे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि आधार काढून घेऊन छडी ठेवली तर काय होते ते पाहण्यासाठी विहिरीपर्यंत जाण्याचीही गरज नाही, आठवीच्या कोणत्याही वर्गातील मागच्या बाकाकडे पाहावे.

लाडाची रीत दिसायला सौम्य, पण तिचा परिणाम अधिक दीर्घकाळ टिकतो. मूल वाढदिवसाच्या समारंभाला जायला घाबरते, म्हणून आपण त्याला घरी ठेवतो. दुकानदाराशी बोलायला लाजते, म्हणून त्याच्या वतीने आपणच बोलतो. रात्री एकटे झोपत नाही, म्हणून बाराव्या वर्षीही आई शेजारी झोपते. चाचणीच्या दिवशी ताप आल्यासारखे वाटते म्हणते, म्हणून शाळेत रजेचा अर्ज जातो. प्रत्येक वेळी मुलाला तत्काळ आराम पडतो आणि आईच्याही जिवाला थंडावा मिळतो, यात शंका नाही. परंतु हा आराम सावकाराच्या कर्जासारखा असतो: आजची नड भागते आणि उद्या व्याजासह तगादा लागतो. टाळलेल्या प्रत्येक प्रसंगातून मुलाचे मन एकच धडा घेते की ती गोष्ट खरोखरच भयंकर होती, आणि आपण पळालो म्हणूनच वाचलो. भय मग पुढच्या प्रसंगावर आपला हक्क सांगू लागते, आणि वर्षा-दोन वर्षांत अवघ्या घराचा कारभार त्या भयाच्या हुकुमाबरहुकूम चालू लागतो. कोणत्या लग्नाला जायचे, कोणत्या पाहुण्याला बोलवायचे, दिवा कधी मालवायचा, हे सारे भय ठरविते.

मग करावे काय? शंभर वर्षांपूर्वीच या प्रश्नाचे उत्तर एका तरुण संशोधिकेने प्रयोगाने दाखवून दिले होते. मेरी कव्हर जोन्स हिने १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये केलेल्या आपल्या कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पीटर या नावाने तिने वर्णिलेला तो मुलगा तीन वर्षांचाही नव्हता आणि सशाला कमालीचा भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला जाई, आणि दिवसामागून दिवस तो पिंजरा मुलाच्या बेताने थोडा थोडा जवळ आणला जाई. सशाला न भिणारी इतर मुलेही कधी कधी त्याच्याभोवती खेळत असत. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. भीतीवरील आजच्या मान्य मानसोपचाराचा पाया इतका साधा आहे: भयाच्या वस्तूपासून पळायचे नाही, तिच्यावर ढकलूनही द्यायचे नाही, वडीलधाऱ्यांच्या संगतीने, मुलाच्या सहनशक्तीच्या मापाने, पायरीपायरीने तिच्याजवळ जायचे, आणि प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे.

रायपुरातील मराठी घरांना ओळखीचे वाटेल असे एक उदाहरण घेतो. इथले महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून चालत आले आहे, आणि भोसल्यांच्या अमदानीपासून तात्यापाऱ्यात वसलेल्या घराण्यांपासून तो काल-परवा बदलीवर आलेल्या कुटुंबांपर्यंत सर्वांची मुले गणेशोत्सवात एकाच मंचावर येतात. अशा मंचावर दरवर्षी एक तरी मूल असे असते की जे घरी श्लोक खणखणीत म्हणते, आणि ध्वनिक्षेपकापुढे उभे राहताच त्याचे ओठ मिटतात. खाली बसलेली आई खुणा करते, ‘म्हण ना रे, घरी तर किती छान म्हणतोस’ असे कोणी काका मोठ्याने म्हणतात, सभागृह प्रेमानेच हसते, आणि मूल रडत खाली उतरते. हसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु त्या मुलाच्या लेखी ते हसू म्हणजे ज्याचे भय होते तेच घडल्याची पावती होय. पुढच्या वर्षी ते मूल एक तर पुन्हा बळेच वर चढविले जाते, नाही तर कायमचे वगळले जाते. तिसरा मार्ग श्रमाचा आहे. जुलै महिन्यात ते मूल तोच श्लोक आजोबांपुढे म्हणेल. मग शेजारच्या काकूंपुढे. मग चार मित्रांसह समूहात. मग रिकाम्या सभागृहात मंचावर उभे राहून, खाली फक्त आई बसलेली असताना. आणि उत्सवाच्या दिवशी त्याने समूहाच्या दुसऱ्या ओळीत उभे राहून चार ओळी म्हटल्या तरी ते वर्ष सार्थकी लागले असे मानावे. मध्येच एखाद्या पायरीवर अडले तर मागची पायरी पुन्हा चढावी. त्यात नामुष्की नाही. पारितोषिक द्यायचेच तर ते उच्चारशुद्धीला न देता वर चढण्याला द्यावे.

घरच्या संभाषणाचाही असाच विचार करावा लागतो. चिंताग्रस्त मूल एकच प्रश्न वारंवार विचारते: ‘आई, तू न्यायला येशील ना? नक्की येशील ना? उशीर झाला तर?’ पहिल्या उत्तराने त्याचे समाधान होते, दहाव्याने होत नाही, कारण प्रत्येक आश्वासन त्या शंकेला विचारार्ह ठरवीत जाते. अशा वेळी ‘बाळा, तुला भीती वाटते आहे हे मला कळते, आणि ती वाटत असतानाही तू वर्गात बसू शकशील याची मला खात्री आहे’ एवढे शांतपणे म्हणावे, आणि त्याच प्रश्नाचे उत्तर पुन्हा देऊ नये. या वाक्याचे दोन्ही भाग सारखेच आवश्यक आहेत. केवळ पहिला भाग बोलला तर मूल भयात बुडते, केवळ दुसरा बोलला तर ते एकटे पडते. अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी याच तत्त्वावर अशी उपचारपद्धती रचली आहे की तीत उपचारकाकडे मूल जात नाही, आईबाप जातात, आणि भयाला घातलेली खतपाण्याची सवय ते हळूहळू मोडतात; २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात ही पद्धती मुलावर थेट केलेल्या मानसोपचाराच्या तोडीची ठरली. आईबापांनी हे वाचून स्वतःला दोषी धरू नये. जी माणसे नकळत भयाला पोसू शकतात तीच माणसे जाणून त्याला उपाशी ठेवू शकतात, एवढा आशेचा भाग त्यातून घ्यावा.

एक सावधगिरी मात्र पाळलीच पाहिजे. मुलाची भीती रास्तही असू शकते, आणि अशा ठिकाणी पायऱ्यांचा उपदेश करणे हा अन्याय होय. वर्गात हात उगारणारा शिक्षक असेल, बसमध्ये छळणारी मोठी मुले असतील, किंवा ज्याचे नाव काढायला मूल धजत नाही असा कोणी निकटचा माणूस असेल, तर आधी ते कारण नाहीसे केले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही शाळेत मनाई केली आहे. मुलाला वर्गापुढे उभे करून त्याच्या गुणांवरून टोचून बोलणे हा छळच आहे, मग रिवाज कितीही जुना असो. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक त्याचसाठी आहे. आणखी एक गोष्ट आपल्या शहरापुरती. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, आणि अंगणात छत्तीसगढी अशा चार भाषांत इथले मराठी मूल वाढते. नागपुराहून वा पुण्याहून नव्याने आलेले मूल पहिले काही महिने वर्गात गप्प राहिले तर ते आजारी आहे असे समजू नये, ते ऐकते आहे असे समजावे. पण घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत महिनोन्‌महिने एक अक्षर काढीत नसेल, आणि भाषा येऊनही काढीत नसेल, तर त्याची दखल घेतलीच पाहिजे. ‘फार शांत मुलगी आहे हो’ या प्रशस्तीखाली कित्येक मुलींचे दुःख वर्षानुवर्षे झाकले जाते.

पालकांच्या उतावळेपणाचे मूळ बहुधा एका धास्तीत असते: वर्ष वाया जाईल. या धास्तीला रायपूरच्या इतिहासानेच उत्तर द्यावे हे योग्य आहे. १८७७ साली विश्वनाथ दत्त कामानिमित्त इथे आले तेव्हा त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र प्रकृतीने खंगलेला होता, आणि त्याच्या इयत्तेची शाळा त्या काळी रायपुरात नव्हती. दोन वर्षे तो शाळेविना राहिला. वडील त्याच्याशी तासन्‌तास बोलत, त्याची मते ऐकून घेत, त्याला प्रौढांच्या चर्चेत बसवीत. कलकत्त्यास परतल्यावर तीन वर्षांचा अभ्यास एका वर्षात पुरा करून नरेंद्र प्रवेश परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला, असे विवेकानंदांचे चरित्रकार सांगतात. सर्वच मुले नरेंद्र नसतात, आणि चिंताग्रस्त मुलाला शाळेतून काढून घ्यावे असे मला मुळीच सुचवायचे नाही. शाळा सुटली की भय वाढते, हे वर आलेच आहे. सांगायचे आहे ते एवढेच की अर्ध्या दिवसाची हजेरी, एखादी चुकलेली चाचणी, किंवा निकालातील पाच-दहा टक्क्यांची घट यांनी आयुष्य बुडत नाही, आणि वडिलांचे मुलाशी निवांत बोलणे हे अभ्यासाच्या वेळेची चोरी नव्हे.

घरचे उपाय अपुरे पडले, मूल आठवड्यांमागून आठवडे शाळेत जाईना, खाईना, रात्र जागून काढू लागले, किंवा जगण्याविषयी निराशेची भाषा बोलू लागले, तर तज्ज्ञाकडे जाण्यास एक दिवसही लावू नये. इथे आडवी येते ती लोकलज्जा. मानसोपचार म्हटले की रायपूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बिलासपूरजवळच्या सेंदरीचे मानसिक रुग्णालय उभे राहते, आणि मग बैगाकडून, म्हणजे मांत्रिकाकडून, झाडफूक, दृष्ट काढणे, अंगारा, नवस या वाटेने महिने जातात. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या तर त्यात अपाय नाही, नातवाला तो मायेचा स्पर्शच असतो. परंतु त्यावर विसंबून राहणे अपायकारक आहे. टाटीबंधच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि तिथे मुलाला नेले म्हणून त्याच्या नावावर काही डाग लागत नाही. उपचारांचे फळ किती मिळते याचा भरवशाचा पुरावा उपलब्ध आहे. २००८ साली अमेरिकेत सात ते सतरा वर्षांच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर झालेल्या अभ्यासात, विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराने सुमारे ६० टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा झाली, औषधाची जोड दिली तेव्हा सुमारे ८१ टक्क्यांत झाली, आणि ज्यांना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी दिली त्यांच्यांत सुमारे २४ टक्क्यांत. ‘मोठा झाला की आपोआप सुधारेल’ असे म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा. घराबाहेर पडण्याचे बळ नसेल तर केंद्र शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे, आणि तीत हिंदीत व मराठीतही बोलता येते.

आणि तरीही सगळा भार आईबापांच्या शिरावर टाकून शाळांनी मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही. मूल दिवसाचा जागता भाग जिथे घालविते, आणि ज्या ठिकाणाच्या भयानेच पुष्कळदा त्याचे पोट दुखते, त्या ठिकाणी त्याची कैफियत ऐकणारा एक तरी जाणता माणूस असला पाहिजे. ही आता केवळ सदिच्छा राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असा आदेश दिला. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे आणि त्यांची जाहीर मानहानी करणे यांपासून शाळांना व शिकवणीवर्गांनाही परावृत्त होण्याची ताकीद दिली. एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणातून हा निकाल आला. असे आदेश कागदावर राहण्याची सवय आपल्या देशाला आहे, आणि ती सवय मोडण्याचा अधिकार पालकांना आहे. शाळेत पुढचा पालकमेळावा भरेल तेव्हा गुणपत्रकावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना विचारावे की आपल्या शाळेचा समुपदेशक कोण, त्याचे शिक्षण काय, तो कोणत्या वारी आणि कोणत्या खोलीत बसतो, आणि माझ्या मुलाला कोणाचीही परवानगी न मागता त्याच्याकडे जाता येते का. उत्तर तोंडी मिळाले तर ते लेखी मागावे.